'मूळ संख्या' म्हणजे नक्की कोणती? सहावी ते आठवीच्या गणितातले फसवे शब्द

मृद्गंधा

परवा लेकीचा चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला. आठवी, मराठी माध्यम. वीसपैकी चौदा, आणि एका उदाहरणासमोर लाल शाईतला भोपळा. उदाहरण असं:

'एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर मूळ संख्या काढा.'

उत्तर ३६. उलटं केलं की ६३, वजाबाकी २७. समीकरण मांडायचं आणि मोकळं व्हायचं. बाईसाहेबांनी समीकरण मांडलंच नव्हतं. नुसत्या दोन ओळी होत्या: 'अंकांची बेरीज ९ आहे म्हणून संख्येला ९ ने भाग जातो. म्हणून ती मूळ संख्या असू शकत नाही. अशी संख्या नाही.'

मी आधी रागावले. अभ्यास केला नाही आणि वर शहाणपणा, असं बरंच बोलले. रात्री पोळ्या लाटताना एकदम लक्षात आलं. तिने 'मूळ संख्या' म्हणजे २, ३, ५, ७, ११ वाली मूळ संख्या घेतली होती, जिला १ आणि ती स्वतः सोडून विभाजक नाही ती. त्या अर्थाने तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे! ९ ने भाग जाणारी कुठलीच संख्या तशी मूळ असू शकत नाही. पेपर काढणाऱ्याच्या मनात 'मूळची, आधीची' संख्या होती. शब्द एकच.

तेव्हापासून तिचं पुस्तक घेऊन बसते आहे आणि असे दोन दोन नोकऱ्या करणारे शब्द सापडत चालले आहेत. व्याख्यांची यादी नको आहे, ती पुस्तकात आहे. मुलं जिथे शब्दामुळे अडखळतात तेवढ्या जागा इथे जमवू या का? शिक्षक मंडळी असतील तर फारच छान.

तिरकस

पोरगी वकील होणार. मार्क द्यायला हवे होते.

खडूफळा

मृद्गंधाताई, पेपर तपासताना हे मीही केलेलं असणार, त्यामुळे त्या बाईंना दोष देत नाही. चाळीस पेपर समोर असले की उत्तराचा आकडा बघितला जातो, ओळी वाचल्या जात नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवतो आहे. माझ्या वर्गातले काही नेहमीचे खड्डे सांगतो.

अंश. सहावीत अंश म्हणजे अपूर्णांकातला वरचा आकडा. त्याच वर्षी कोनमापक हातात येतो आणि काटकोन ९० अंशाचा होतो. एका मुलाने मला विचारलं होतं, 'सर, मग कोनाचा छेद किती?' हसलो, पण त्याचं काय चुकलं?

लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आणि मसावि (महत्तम सामाईक विभाजक). १२ आणि १८ घ्या. लसावि ३६, मसावि ६. दर वर्षी अर्धा वर्ग उलटं लिहितो, कारण लघुतम म्हणजे सगळ्यांत लहान आणि महत्तम म्हणजे सगळ्यांत मोठा हे त्यांना पक्कं माहीत असतं. मग लहान ३६ आणि मोठा ६ कसा? मी आता आधी शेवटचा शब्द शिकवतो. 'विभाज्य' म्हणजे ज्याला भाग जातो तो, म्हणजे दोन्ही संख्यांहून लहान तो असूच शकत नाही. 'विभाजक' भाग देणारा, तो दोघांहून मोठा होणार नाही. त्या ढिगातला लहानात लहान आणि या ढिगातला मोठ्यात मोठा. लघुतम-महत्तम सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून उलटापालट बरीच कमी झाली.

पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या. यावर मी हात टेकले आहेत. ०, १, २, ३… या पूर्ण संख्या. त्यांत ऋण संख्या मिसळल्या की पूर्णांक. आणि 'दोन पूर्णांक एक छेद तीन' म्हणताना पूर्णांक तिसराच, त्या संख्येतला अख्खा भाग. पोरांनी करायचं काय?

फेरफटका

आमच्या वेळी लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य होता. मुलाच्या पुस्तकात सामाईक आहे. नशीब 'सा' ने सुरू होतो, नाहीतर लसावि गेला असता कामातून. सामाईक जास्त चांगला वाटतो. साधारण म्हटलं की 'तब्येत कशी? साधारण' असंच वाटायचं. सामाईक मात्र सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक जिना… दोघांचा मिळून एक, हे पोरांना सांगावंच लागत नाही.

काटकोनी

माझी भर. घरातली चूक आहे, त्यामुळे ठळक लक्षात आहे.

मुलगा सातवीत. कोटिकोन आणि पूरककोन. मराठी पुस्तकात बेरीज ९० अंश असेल तर कोटिकोन, १८० अंश असेल तर पूरककोन. याने सुट्टीत मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून धडा 'पुढे' करून ठेवला. हिंदीत 'पूरक कोण' म्हणजे ९० वाले, आणि १८० वाले 'संपूरक'. परीक्षेत ४० अंशाच्या कोनाचा पूरककोन विचारला, पठ्ठ्याने ५० लिहून ठेवला. उत्तर १४०. माझ्याशी भांडला, व्हिडिओ लावून दाखवला, आणि व्हिडिओही चूक नव्हता!

दोन भाषांनी एकच संस्कृत शब्द वेगवेगळ्या कामाला लावला, की मधल्या मधे पोर चिरडतं. हिंदी व्हिडिओ बघणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवाच. अजून काही जोड्या: मराठीत मूळ संख्या, हिंदीत अभाज्य. मराठीत छेद, हिंदीत हर. आपला अपूर्णांक त्यांचा भिन्न. आपल्याकडे चौकोनाचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण, दोघेही कर्णच. हिंदीत चौकोनाचा विकर्ण होतो. इथे हिंदीवाले जास्त शहाणे निघाले असं माझं मत. आयतात कर्ण काढला की त्रिकोणाचाही कर्ण तोच होतो, म्हणून खपून जातं. समांतरभुज चौकोन आला की मुलं त्याच्या कर्णाला बिनदिक्कत पायथागोरस लावतात.

शब्दवेल्हाळ

कोटी शब्दाला कमी लेखू नका, त्याचं घराणं मोठं आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण अशाच येतात. जुन्या ज्योतिषगणितात एका कोनाची ती 'ज्या' आणि ९० अंशांतून उरलेल्या कोनाची ती कोटिज्या. तेव्हा ९० ला पुरा करणारा तो कोटिकोन, हे अगदी रीतसर आहे. पुढे नववी-दहावीत मुलं 'साइन' आणि 'कोसाइन' म्हणतात तेव्हा त्यातला 'को' हाच उरलेल्या कोनाचा.

आणि साइन म्हणजे कोण? आपलीच ज्या. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी जीवाचा उच्चार उचलला, त्यांच्या लिपीत स्वर लिहायची पद्धत नसल्यामुळे पुढच्यांनी तो 'जैब' असा वाचला, म्हणजे कपड्याचा घोळ, कुशी. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्याचा इमानेइतबारे 'सायनस' केला. वाचनातली चूक जगभर झाली, आणि मूळची दोरी आपल्या पुस्तकात जीवा म्हणून शाबूत आहे. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड. काढून बघा, धनुष्यच दिसेल.

त्रिज्येतही तीच ज्या. एक राशी ३० अंशांची, म्हणून तीन राशी म्हणजे ९० अंश, त्याची ज्या ती त्रिज्या, आणि ती वर्तुळाच्या केंद्रापासूनच्या अंतराएवढीच भरते.

तिरकस

हे सगळं सातवीच्या पोराला सांगितलं तर ते घर सोडून जाईल.

पण मुद्द्यावर येतो. मुळात हा खटाटोप कशाला? अकरावीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. समद्विभुज, प्रविशालकोन, इष्टिकाचिती… असले शब्द घोकायचे आणि मग टाकून द्यायचे. त्यापेक्षा पाचवीपासून इंग्रजी शब्द लावा. दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' दिलं तेव्हा मराठी गणिताचं काय झालं ते बघितलंच की.

काटकोनी

२०१९ चं ते प्रकरण तुम्ही उलट्या बाजूने सांगताय. मंगला नारळीकरांच्या समितीने त्रेसष्ट काढून टाकलं नव्हतं. जोडाक्षरांमुळे आणि आधी तीन मग साठ अशा उलट्या बोलण्यामुळे लहान मुलं अडखळतात म्हणून दुसरी वाट दिली होती. विधानसभेपर्यंत गाजलं. पण इथे नको, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. तिरकस, तुमच्या मुद्द्याचा अर्धा भाग मला पटतो. माझ्या मुलीला इथे सहावीत 'आयसॉसेलिस' शब्द आला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, आमच्या मराठीत बघ, सम-द्वि-भुज, शब्दातच अर्थ. रविवारच्या मराठी शाळेत तिने तिच्या मास्तरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले आयसॉसेलिस पण ग्रीकमध्ये तेच आहे, सारखे पाय. म्हणजे ज्याला ग्रीक येतं त्याला तो उघडा, ज्याला संस्कृत येतं त्याला हा. माझ्या मुलीला दोन्ही बंद!

खडूफळा

एडिसनकर, नेमकं बोललात. आपण मराठी शब्द सोपे म्हणतो तेव्हा संस्कृत शब्द म्हणायचं असतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोडीवाल्यांची. 'भुजा' त्यांनी फक्त देवीच्या आरतीत ऐकलेली. घरात बाजू म्हणतात. आता गंमत बघा, त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या पुस्तकात बाजू घेऊनच आहेत: बाबाबा (बाजू-बाजू-बाजू), बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, कोकोबा. ही पोरं एका तासात पाठ करतात, वर्षभर एकमेकांना 'ए बाकोबा' म्हणून हाका मारतात. आणि पाचवी कसोटी एकदम कर्णभुजा! तिथे अडतात. एका मुलीने तिचं 'कर्णबा' करून टाकलं होतं. मी चालवून घेतलं.

तिरकस, इष्टिकाचितीला नावं ठेवलीत म्हणून सांगतो. तो शब्द फळ्यावर लिहिला की वर्ग हसतो. मागच्या वर्षी शाळेच्या मागे एका घराचं बांधकाम चालू होतं. वर्ग घेऊन गेलो. मालकाला विचारून पोरांनी विटा रचल्या, लांबीला सहा, रुंदीला चार, उंचीला पाच थर. मग सांगितलं, इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचून केलेला ढीग. 'किती विटा?' कुणीतरी मोजायला लागलं, तेवढ्यात मागून आवाज आला, 'चोवीस पंचे वीसाशे.' वीसाशे म्हणजे एकशे वीस, आमच्या पाढ्यातलं. घनफळाचं सूत्र मी त्या दिवशी सांगितलंच नाही. पुढच्या आठवड्यात वृत्तचिती आली तेव्हा एकाने खिशातली नाणी काढून एकावर एक रचली आणि म्हणाला, 'ही पैशाची चिती.' 'सिलिंडर'वर हे झालं नसतं, तिथे पोरांना गॅसच दिसतो.

सगळे शब्द असे नाहीत हेही कबूल. 'प्रविशालकोन' मलाही आवडत नाही.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात हा वाद पाचवीतच निकाली निघतो. सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी. मी त्यातूनच गेलो. चौथीत भाज्य, भाजक, भागाकार, बाकी तोंडपाठ. पाचवीच्या पहिल्या महिन्यात सरांनी फळ्यावर 'रिमाइंडर' लिहिला असं मला वाटलं, म्हणजे आठवण करून देणे. मी वहीत लिहून ठेवलं, 'उद्या आठवण करणे'. तो रिमेंडर होता, म्हणजे आपली बाकी. दोन महिने भागाकार येत असून मी गप्प बसलो होतो.

माझ्या आईने शेवटी एक केलं. वहीच्या डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी, आणि मधे एकच उदाहरण दोन्हींना मिळून. १७ भागिले ५: सतरा भाज्य, पाच भाजक, तीन भागाकार, दोन बाकी. अर्थ लिहायचा नाही, फक्त उदाहरण. त्या वहीवर माझ्या धाकट्या दोन बहिणीही निघाल्या. सेमी इंग्रजीवाल्यांना, ज्यांचं गणित-विज्ञान इंग्रजीत आणि घर मराठीत, हा उपाय लागू पडेल.

परसबाग

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडून थोडे सुटे सुटे:

कंस. गणिताच्या चिन्हांतला कंस, वर्तुळाचा कंस आणि कृष्णाचा मामा. विशालकंस म्हटलं की आमच्याकडे अजून हशा पिकतो.

अवयव. विज्ञानात हात-पाय-हृदय, गणितात 'अवयव पाडा'. भयंकर वाटतं.

चलन. आठवीत समचलन-व्यस्तचलन. लेकाने धडा न वाचता नोटा-नाण्यांचा समजून सोडून दिला होता.

कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाठ करायला झकास, पण मुलं त्याचा अर्थ 'बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी' असा घेतात. १० − ४ + ३ चं उत्तर ९. माझा मुलगा आधी चार-तीन सात करून ३ उत्तर काढायचा. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून जी आधी येईल ती आधी, हे त्या शब्दात कुठेच नाही. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.

आणि एक कौतुकाचा. इंग्रजीत त्रिकोणाचा 'मीडियन' आणि सांख्यिकीतला 'मीडियन' एकच. आपल्याकडे त्रिकोणाची मध्यगा आणि आकड्यांचा मध्यक, वेगवेगळे. तसंच आकृती चौरस आणि संख्येचा वर्ग. काही ठिकाणी आपण जिंकलो आहोत!

तिरकस

मध्य, मध्यक, मध्यगा. जिंकलात खरे. नववीतल्या मुलाला विचारून बघा कोणता कुठला.

फेरफटका

व्याजाच्या धड्याबद्दल कुणीच बोललं नाही? मुद्दल, मुदत, द.सा.द.शे., रास. मला वाटतं पुस्तकातला सगळ्यांत अस्सल मराठी धडा तोच, कारण तो सावकाराच्या वहीतून आलेला आहे. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. मुलं हे मंत्रासारखं म्हणतात, फोड केली की शेकडेवारीचा अख्खा धडा त्या चार अक्षरांत सापडतो. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज. माझ्या वडिलांनी मला खळ्यावर धान्याची रास दाखवून सांगितलं होतं: पेरलेलं बी आणि वर आलेलं पीक, सगळं मिळून ही रास. माझ्या मुलाला रास म्हणजे वृषभ, मिथुन एवढंच माहीत. त्याला बँकेच्या ठेवीची पावती दाखवली.

शब्दवेल्हाळ

तिकडे भूमितीच्या सिद्धतेत पक्ष, साध्य, सिद्धता लिहितात ना, ते पक्ष आणि साध्य न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले. मुलांना मात्र पक्ष म्हटलं की निवडणूक आठवते.

मृद्गंधा

आठवडाभर येता आलं नाही, क्षमस्व. सगळ्यांचे मनापासून आभार, काय काय मिळालं!

मांडवीकाठ यांच्या आईंची वही आम्ही उचलली. थोडा बदल केला: डावीकडे शब्दाचा घरातला अर्थ, उजवीकडे गणितातला, मधे उदाहरण. एका शब्दाला दोन गणिती अर्थ असतील तर उजवीकडे दोन ओळी. पहिलं पान अर्थातच 'मूळ'. त्यात वर्गमूळही आलं, म्हणजे तीन ओळी झाल्या.

तो पेपर घेऊन बाईंकडे गेले होते. त्यांनी त्या दोन ओळी पहिल्यांदाच वाचल्या, हसल्या, मग जरा गप्प झाल्या. मार्क काही मिळाले नाहीत, मीही मागितले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण लेकीला फळ्यावर सोडवायला लावलं, आणि त्याआधी तिचं 'अशी संख्या नाही' का बरोबर ते तिच्याकडूनच वर्गाला सांगून घेतलं. घरी आली ती दोन बोटं जमिनीच्या वर.

वहीत काल तिने स्वतःहून एक पान भरलंय. शब्द 'काढा'. आकृती काढा, किंमत काढा, पेटीतून दोन चेंडू काढा. समोर तिच्या अक्षरात: पेन्सिलीने, डोक्याने, हाताने. खाली आजीने बॉलपेनने चौथी ओळ टाकली आहे: 'आलं, गवती चहा, तुळस. सर्दीवर.'

खडूफळा

ताई, ते पान माझ्या वर्गासाठी उचलतो आहे. आजींची ओळ धरून.

फेरफटका, तुमच्या वडिलांना औटकी येत होती का हो? साडेतीनचा पाढा. आमच्या गावात आता फक्त एका म्हाताऱ्या गवंड्याला येते, तीही सातापर्यंतच. पुढची कुणाकडे असेल तर इथे टाका.